३०० सॅव्हेजची काडतुसं: कुठली घ्यावीत, कुठून घ्यावीत, किती ठेवावीत

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतीलच. तुमच्याकडे ३०० सॅव्हेजची रायफल असेल तर १५० ग्रेनचं (हे गोळीचं वजन) एकच काडतूस आपलं म्हणून ठरवून टाका, मार्च ते जूनच्या दरम्यान ते शोधा आणि एका लॉटची, म्हणजे एकाच बैठकीत निघालेल्या मालातली, मिळतील तेवढी खोकी एकदम उचला. हरणांचा हंगाम तोंडावर आल्यावर, नोव्हेंबरात दुकानात जाऊन विचारलंत तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. ३०८ किंवा ३०-०६ या जास्त खपाच्या मापांच्या रायफलवाल्यांना ही ददात नाही. त्यांची काडतुसं इथे अमेरिकेत गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळून जातात. आपल्याला आधीपासून बेगमी करावी लागते. ती कशी करावी हे मराठीत एका जागी असावं म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर भागात राहते. माझी रायफल म्हणजे सॅव्हेज ९९, ईजी मॉडेल, १९५० च्या दशकातली. शेजारच्या आजोबांची. त्यांनीच मला बंदूक कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, आणि मुख्य म्हणजे कधी चाप ओढायचा नाही, हे शिकवलं. ते गेल्यावर आजींनी, "घरात दुसरं कोणी वापरणार नाही, तू घे," म्हणून ती माझ्या स्वाधीन केली. सोबत काडतुसांची काही अर्धवट खोकी होती, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या काळातली. ती संपायला आली तेव्हा हा शोध सुरू झाला.

भारतातल्या वाचकांच्या मनात पहिला प्रश्न येईल, तो टाळत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथलं गणित निराळं आहे. लांडगे आणि प्यूमा या राज्यातून केव्हाच नाहीसे झाले आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या ताब्यात ठेवायचं काम माणसावर आलं. अलीकडच्या हंगामांत या एका राज्यात चार लाखांहून जास्त हरणं मारली जातात, तरी कोवळी झाडं खाऊन जंगल उजाड होण्याची तक्रार आणि गाड्यांना होणाऱ्या धडका चालूच आहेत. परवाना काढावा लागतो, त्याआधी शिक्षणवर्ग पुरा करावा लागतो, मादीसाठी वेगळा परवाना असतो, प्रत्येक जनावराला टॅग लावावा लागतो. मांस आमच्या फ्रीझरमध्ये वर्षभर पुरतं. जास्तीचं 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' या उपक्रमातून गरजू घरांपर्यंत जातं, तो १९९१ पासून चालू आहे. माझा नवरा बंदुकीला हात लावत नाही, पण हरणाच्या मांसाचा काळ्या मसाल्यातला खानदेशी रस्सा त्याच्याच हातचा.

आता काडतुसाकडे. ते दुर्मिळ का झालं हे समजलं की कसं मिळवायचं हेही समजतं.

आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस. न्यूयॉर्क राज्यात युटिका या गावी त्यानं कारखाना काढला आणि १८९९ साली ही लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायची, रायफल आणली. त्या काळच्या बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागोमाग आडवी बसत. तिथे टोकदार गोळी चालत नाही, कारण मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकतं आणि धक्क्यानं बार उडायची भीती. म्हणून त्या बंदुकांना बोथट गोळ्या. सॅव्हेजनं रायफलीच्या पोटात रहाटासारखी फिरणारी चकती बसवली. प्रत्येक काडतूस आपापल्या खोबणीत वेगळं बसतं, कुणाचं टोक कुणाला लागत नाही. त्यामुळे लिव्हरच्या रायफलीत टोकदार गोळी आली, आणि तिच्यासोबत लांबचा पल्ला आला. माझ्या रायफलीच्या डाव्या अंगाला एक बारकीशी खिडकी आहे. तिच्यात चकतीवर कोरलेला आकडा दिसतो, आत किती काडतुसं शिल्लक आहेत तो. पहाटे अंधुक उजेडात, बोटं गारठलेली असताना, बंदूक न उघडता तो आकडा वाचता येतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

३०० सॅव्हेज हे काडतूस १९२० सालचं. सैन्याचं ३०-०६ तेव्हा सगळ्यांना हवं होतं, पण ते या रायफलीत मावेना इतकं लांब. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं पितळी कवच, ६३ मिलिमीटरची. सॅव्हेजनं साडेसत्तेचाळीस मिलिमीटरच्या पुंगळीत, मान आखूड आणि खांदा उभा करून, तेव्हाच्या ३०-०६ च्या जवळपास ताकद बसवली. पुढची तीस-चाळीस वर्षं पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत हे काडतूस घरोघरी होतं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याला आखूड काडतूस हवं झालं, तेव्हा फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये प्रयोगांची सुरुवात या ३०० सॅव्हेजच्या पुंगळीपासूनच झाली. ती थोडी लांबवत, सुधारत जे तयार झालं ते ७.६२ बाय ५१ नाटो. त्याचं बाजारातलं भावंड ३०८ विंचेस्टर १९५२ साली आलं, आणि त्यानं ३०० सॅव्हेजची गरजच संपवली. नव्या रायफली ३०८ मध्ये निघू लागल्या. जुन्या रायफली मात्र टिकाऊ निघाल्या, त्या अजून हजारो घरांत आहेत, आणि त्यांच्यासाठी कंपन्या वर्षातून कधीतरी थोडा माल काढतात. यंत्र ३०८ वर चालू असतं, मध्येच थांबवून हे माप लावायचं, ठरलेला माल काढायचा, पुन्हा ३०८. ती खेप दुकानात आली की आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. मग पुढच्या खेपेची वाट.

ही वंशावळ मी बाबांना फोनवर सांगितली तेव्हा ते खूश झाले. बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी विभागात होते. तिथे आपल्या सैन्यासाठी जी काडतुसं निघतात त्यांत हे ७.६२ आहेच, सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीचं. "म्हणजे माझ्या काडतुसाचा आजा तुझ्याकडे आहे," म्हणाले. आणि लगेच दुसरा प्रश्न, "लॉट कुठला?" त्या प्रश्नानं माझी खरेदीची पद्धतच बदलली. त्याबद्दल पुढे.

आज दुकानात साधारण चार नावं दिसतात. फेडरलचं पॉवर-शॉक १५० ग्रेन, रेमिंग्टनचं कोअर-लॉक्ट १५० आणि १८० ग्रेन, विंचेस्टरचं सुपर-एक्स १५० ग्रेन, आणि हॉर्नडीचं सुपरफॉर्मन्स, त्यात १५० ग्रेनची एसएसटी गोळी. खोकं प्रत्येकाचं २० काडतुसांचं. १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमला किंचित कमी, १८० म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास.

कागदावर पहिल्या तिन्ही कंपन्यांची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २६३० फुटांनी निघते. तिघींची बांधणीही एकाच विचाराची: शिशाचा गाभा, वरून तांब्याचं कवच, टोकाला शिसं उघडं. हरणाला लागली की टोक फुलतं आणि गोळी पसरत आत जाते. हॉर्नडीची दारू वेगळी, म्हणून ती २७४० फुटांवर जाते, आणि टोकाला लाल प्लास्टिकची चोच आहे. १८० ग्रेनची कोअर-लॉक्ट २३५० फुटांची, जड आणि सावकाश.

माझी निवड फेडरलची. याचा अर्थ बाकीची उणी आहेत असा नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि माझ्या नळीला ही आवडते, इतकाच अर्थ. बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकवून शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसतात. सत्तर वर्षांच्या लिव्हर रायफलीकडून याहून जास्त मागणं मला पटत नाही. रेमिंग्टनची १५० ग्रेन जवळपास तशीच जाते, फक्त दोन बोटं डावीकडे. म्हणजे तीही उत्तम, पण दोन्ही मिसळून वापरायच्या नाहीत. एकीवर दुर्बिणीचा नेम जुळवला की दुसरी बाजूला पडणार.

हॉर्नडीचा वेग ज्यांना मोकळ्या माळावर, दोनशे-अडीचशे यार्डांवर नेम धरायचा असतो त्यांच्या कामाचा आहे. वायोमिंग, मोंटॅना, कॅन्ससकडच्या मंडळींनी तीच घ्यावी असं मी म्हणेन. आमच्याकडे ओक आणि हेमलॉकची दाटी. हरीण दिसतं तेच साठ-सत्तर यार्डांवर, फार तर शंभर. तिथे त्या ज्यादा शंभर फुटांचा उपयोग नाही आणि खोकं मात्र महाग. १८० ग्रेनबद्दलही तेच. अस्वल किंवा एल्क मारायला जाणाऱ्यांनी तिचा विचार करावा. हरणाला १५० पुरून उरते.

फेडरलच्या काडतुसाचं मला भावलेलं एक बारीक अंग सांगते. लिव्हर खाली ओढून परत वर घेताना काडतूस चकतीतून सुटून नळीत शिरतं, त्या क्षणी उघड्या शिशाचं टोक कडेला घासतं का हे मी पाहत असते. काही जुन्या खोक्यांतल्या गोळ्यांची टोकं अशी घासून तिरकी होत. याची होत नाहीत. नेम धरून न उडवता परत काढलेलं काडतूस हातात घेऊन पाहिलं तर टोक जसंच्या तसं, पुंगळीवर फक्त एक पुसट रेघ. हंगामात दररोज सकाळी भरायचं आणि संध्याकाळी रिकामं करायचं असतं, तेव्हा तेच पाच काडतूस पुन्हा पुन्हा आतबाहेर होतात. म्हणून हे बघणं महत्त्वाचं.

आता दुकानं.

सगळ्यात मोठं दालन पाहायचं असेल तर आमच्याच राज्यातल्या हॅम्बर्गचं कबेलाज. हायवे ७८ ला लागून आहे, २००३ सालचं, आत डोंगरासारखं उभारलेलं जनावरांचं प्रदर्शन, लांबून कुटुंबं सहलीला येतात. बंदुकीचा पट्टा, बूट, नारिंगी जाकीट, कोट, दुर्बीण साफ करायचं सामान, सगळं एका छताखाली. एकदा जाऊन यावंच. पण आपल्या काडतुसासाठी मी मोठ्या दालनावर अवलंबून राहत नाही. मोठ्या दुकानाचं फळीचं गणित खपावर चालतं.

माझं खरं दुकान घरापासून पाऊण तासावरच्या एका छोट्या गावात आहे. बाहेरून बघितलं तर पेंडीचं दुकान वाटावं. आतमध्ये एकच काउंटर, मागे लाकडी फळ्या, आणि काउंटरखाली एक जाडजूड वही. त्या वहीत मालक अडनिड्या मापांची नोंद ठेवतात: २५० सॅव्हेज, ३०० सॅव्हेज, ३५ रेमिंग्टन, २५७ रॉबर्ट्स, ३२ विंचेस्टर स्पेशल. प्रत्येक मापाखाली गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, कुठल्या कंपनीचं आणि किती ग्रेनचं हवं. माल आला की ते स्वतः फोन करतात. निरोप एका वाक्याचा: "तुझं आलंय, शनिवारपर्यंत ठेवतो." शनिवारी संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो.

या माणसाची परीक्षा २०२० आणि २१ मध्ये झाली. कोरोनाच्या दिवसांत देशभर काडतुसं गायब झाली. त्यात रेमिंग्टननं २०२० च्या उन्हाळ्यात दिवाळखोरी जाहीर केली. तिचा काडतुसांचा कारखाना, आर्कान्साॅमधल्या लोनोकचा, फेडरलच्याच तेव्हाच्या मालकांनी, व्हिस्टा आउटडोअरनं घेतला आणि पुन्हा चालू केला. पण मधल्या काळात सगळी यंत्रं ९ एमएम आणि २२३ या खपाच्या मापांवर गुंतलेली. आमच्या मापाला कोण विचारतो! इंटरनेटवर लोक एका खोक्याला शंभर डॉलर मागत होते आणि देणारे देत होते. या दुकानात जी थोडकी खोकी आली ती जुन्याच नफ्यावर, माणशी दोन, वहीतल्या क्रमानं. मी दोन घेतली. माझ्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकच घेतलं आणि दुसरं "कुणा पोराच्या पहिल्या हरणासाठी ठेव" म्हणून परत केलं.

उणंही सांगायला हवं. कार्डानं पैसे दिले तर तीन टक्के वर घेतात. सोमवार-मंगळवार बंद. फोनवर माल आहे की नाही तेवढं सांगतात, किंमत सांगत नाहीत. आणि विकलेलं काडतूस परत घेत नाहीत, पण ते जवळपास सगळीकडेच तसं आहे आणि असायलाही हवं. मधल्या काळात ते खोकं कुठे होतं, त्यात काय भरलं गेलं, याची खात्री कोण देणार?

ऑनलाइन खरेदीचा माझा अनुभव संमिश्र. सोय मोठी आहे: माल आला की ईमेल येतो, रात्री अकरा वाजता ऑर्डर टाकता येते. काडतुसं टपाल खात्यातून पाठवता येत नाहीत, कुरिअरच्या जमिनीवरच्या सेवेनंच येतात, आणि पेटीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीचं चिन्ह असतं. वजन जास्त म्हणून कुरिअरचा खर्च झणझणीत. एक-दोन खोक्यांसाठी ते परवडत नाही, आठ-दहा एकदम घेतली तर दर खोक्यामागे भार हलका होतो. पण एका विक्रेत्याकडून सगळी खोकी एकाच लॉटची पाठवा असं लिहून, वर फोन करूनही दोन लॉट मिसळून आले, आणि एक खोकं कोपऱ्यातून चेपलेलं. चेपलेल्या खोक्यातली दोन काडतुसं मानेशी वाकडी झालेली होती. पैसे परत मिळाले ते त्या एका खोक्याचेच. लॉटच्या बाबतीत "आम्ही हमी देत नाही" हे उत्तर.

इथे बाबांचा प्रश्न. लॉट म्हणजे एका बैठकीत निघालेला माल: तीच दारू, तेच प्रायमर, त्याच यंत्राची तीच मांडणी. लॉट बदलला की दारूच्या पिंपाप्रमाणे वेग थोडा इकडेतिकडे होतो. कंपनी तो मर्यादेत ठेवतेच, पण मर्यादेच्या आतही गोळी शंभर यार्डांवर इंचभर सरकू शकते. बाबांच्या नोकरीत लॉट हा शब्द दिवसातून शंभरदा यायचा. एका लॉटमधून नमुने काढायचे, बार काढून बघायचे, नमुना नापास तर अख्खा लॉट बाजूला. ते म्हणाले, "तू एका लॉटची दहा खोकी घे. पहिल्यातल्या पाच-सहा गोळ्यांवर दुर्बीण लाव. पुढची दहा वर्षं तुला फक्त दोन गोळ्यांची खात्री करायची." हे सोपं गणित मला कोणत्याही विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं. लॉट नंबर खोक्याच्या आतल्या झाकणावर किंवा टोकाच्या घडीवर छापलेला असतो. आमच्या दुकानदारांना मी विचारलं, तर त्यांनी चष्मा लावून, एकेक खोकं उघडून, नंबर जुळवून दिले. गिऱ्हाईक म्हणून मला आणखी काय हवं?

किती घ्यावीत? माझा हिशेब असा. ऑगस्ट-सप्टेंबरात दुर्बीण तपासायला चार-पाच. हंगामाआधी, थंडी पडल्यावर, पुन्हा दोन-तीन. प्रत्यक्ष हरणाला एक, फार तर दोन. म्हणजे वर्षाला अर्ध खोकं, सढळ हातानं धरलं तर एक. दहा खोकी म्हणजे दहा वर्षं, आणि नवा लॉट घ्यायची वेळ आली तर निवांतपणे घेता येईल इतकी गाठीला. याहून जास्त मी ठेवत नाही. आपण पन्नास खोकी दाबून बसलो तर वहीतल्या खालच्या नावाला एकही मिळत नाही, आणि या मापाचे आपण मोजकेच लोक उरलो आहोत. हाताचा सराव चालू राहावा म्हणून वर्षभर पॉइंट २२ ची छोटी रायफल वापरावी. तिच्या काडतुसाला काही सेंट पडतात, चाप ओढायची सवय तीच राहते. आपली काडतुसं हल्ली मला साधारण ४० ते ५५ डॉलरला खोकं अशी पडतात. ३०८ चं साधं खोकं त्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत येतं. सराव म्हणून ती उडवणं परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही.

बंदुकांच्या प्रदर्शनांत जुनी खोकी मांडलेली असतात. पीटर्स, वेस्टर्न, जुनं विंचेस्टर, सुंदर रंगीत पुठ्ठे. संग्राहकांनी जरूर घ्यावीत. बार काढायला घेणार असाल तर प्रत्येक काडतूस बाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पितळेवर हिरवट थर, मानेला बारीक चीर, प्रायमरभोवती गंज, यांपैकी काहीही दिसलं तर खोकं खाली ठेवा. आणि कंपनीच्या खोक्यात कुणीतरी घरी भरलेली काडतुसं ठेवलेली असू शकतात. घरी भरलेली, भरणारा अनोळखी, तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

घरी स्वतः भरणाऱ्यांसाठी इतकंच की रिकाम्या पुंगळ्या कधीही टाकू नका, त्या या मापात सोन्याच्या मोलाच्या आहेत. आमच्या क्लबातले एक काका ३०८ च्या पुंगळ्या साच्यातून काढून, कापून ३०० सॅव्हेजच्या बनवतात. जमतं ते, पण त्या पुंगळीच्या बुडावर '३०८' असाच शिक्का राहतो, म्हणून त्यांची पेटी निराळी आणि चिठ्ठी लावलेली हवी. शिवाय सॅव्हेज ९९ चा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे पुंगळी दर बारामागे थोडी ताणते. बुडाच्या वर चकाकणारी रेघ दिसली की ती पुंगळी बाद. आणि जुनी ९९ नव्यानं हातात आली असेल तर पहिला बार काढायच्या आधी एखाद्या जाणत्या बंदूक कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसामधली जागा, तपासून घ्या. मी घेतला होता, त्याचे पैसे वसूल झाले असं मी मानते.

काउंटरवर मागताना पूर्ण नाव म्हणा: "तीनशे सॅव्हेज." नुसतं "तीनशे" म्हणालात तर समोरचा नवखा पोरगा ३०० विंचेस्टर मॅग्नम देईल, नाहीतर ३०० ब्लॅकआउट. तिन्ही अगदी वेगळी काडतुसं आहेत. एका दुकानात माझ्यासमोर ब्लॅकआउटचं खोकं ठेवलं गेलं होतं. खोक्यावरचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का, दोन्ही आपल्या डोळ्यांनी वाचायचे. बंदुकीच्या नळीवर कोरलेलं आहे तेच नाव तिथे हवं.

साठवण सोपी आहे, शिस्त मात्र लागते. मूळ खोकी न फोडता रबरी कड असलेल्या लोखंडी पेटीत ठेवते, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. इथली तळघरं उन्हाळ्यात दमट होतात, म्हणून पेटी जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद कपाटात, बंदुकीपासून वेगळी. झाकणाच्या आत कागद चिकटवलाय: लॉट नंबर, घेतल्याचा महिना, त्या लॉटवर दुर्बीण कुठे लावलीय ते. माझी शंभर यार्डांवर दोन इंच वर आहे, म्हणजे दोनशेवर जवळपास बरोबर. आणि चामडी पट्ट्याच्या खणांत काडतुसं हंगामापुरतीच. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनांनी पितळेला हिरवा मळ चढतो. आजोबांच्या पट्ट्यात विसरलेली दोन काडतुसं मी अशीच हिरवी झालेली बाहेर काढली. ती क्लबच्या निकामी पेटीत गेली.

नव्यानं या देशात आलेल्यांनी कायद्याची बाजू आधी बघावी. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांत वैध शिकार परवाना हा एक. म्हणजे आधी परवाना, मग खरेदी. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून काडतुसं घेतानाही पार्श्वभूमी तपासतात आणि ऑनलाइन माल परवानाधारक दुकानात मागवावा लागतो. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र) लागतं. न्यू जर्सीत रायफल घ्यायलाच ओळखपत्र काढावं लागतं. आमच्या पेनसिल्व्हेनियात यापैकी काही नाही, पण जंगलात रायफलीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवाच.

आणखी एक, भारतात जाणाऱ्यांसाठी. शिकारीला वापरलेली पाठपिशवी किंवा जाकीट प्रवासाला घेऊ नका. घ्यायचंच असेल तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. मुंबईच्या विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि "ते चुकून राहिलं" हे तपास अधिकाऱ्याला, मग कोर्टाला पटवून देत बसावं लागतं. माझ्या शिकारीच्या पिशवीला मी लाल फीत बांधली आहे, ती घरातून फक्त जंगलातच जाते.